नववा मुद्दा

माझ्यामागे विद्यार्थी माझी नक्कल करतात, हे मला ठाऊक आहे. वर्गाच्या दाराशी पोचायच्या आत कोणीतरी माझ्या आवाजात म्हणतं, "नववा मुद्दा परत वाचा," आणि वर्ग खिदळतो. मी बाहेर जराशी थांबते, त्यांचं हसून होऊ देते, मग आत जाऊन तेच वाक्य म्हणते.

गुलबर्ग्यात मी फार्म डीच्या, औषधशास्त्राच्या पदवीच्या, पाचव्या वर्षाला संशोधन कसं करायचं ते शिकवते. सहा वर्षांचा हा अभ्यासक्रम पुरा झाला की नावाआधी डॉक्टर लागतं. घरच्यांना वाटतं पोरगी आता सुई टोचणार, शेजारी जुन्या चिठ्ठ्या घेऊन येतात, आणि आम्ही मात्र औषध माणसाच्या पोटात गेलं की नाही आणि गेल्यावर त्यानं काय केलं याचा माग काढत बसतो. पाचव्या वर्षी प्रत्येकाला खऱ्या माणसांवर एक छोटा अभ्यास करावा लागतो. त्याआधी संमतीपत्र माझ्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवायचं असतं. त्यात बारा मुद्दे आहेत. नववा असा आहे: 'तुम्ही केव्हाही, कारण न सांगता, या अभ्यासातून बाहेर पडू शकता. त्यामुळे तुमच्या उपचारात काहीही फरक पडणार नाही.' समोर वाचता न येणारी म्हातारी बसली आहे असं समजून म्हणा, असं मी सांगते, आणि तीन-तीनदा म्हणायला लावते. मुलं मला खडूस म्हणतात. मी आहेच.

माझी स्वतःची पदवी वर्षभर उशिरा आली. गोळा केलेली सगळी माहिती मी काढून टाकली आणि नव्या गावात नव्यानं सुरुवात केली, एवढंच लोकांना माहीत आहे. का काढून टाकली ते वर्गात सांगायचं माझं धाडस झालेलं नाही. लिहायला मात्र हरकत नाही, कागद तोंडाकडे बघत नाही.

माझा विषय साधा होता. रक्तदाबाच्या गोळ्या लोक रोज घेतात का, आणि घरी जाऊन नीट समजावून सांगितलं तर घ्यायला लागतात का. तीस माणसं, सहा महिने, दर महिन्याला एक भेट. डाव्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचा, दहा प्रश्न विचारायचे, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, आणि ज्यांना आरोग्य केंद्रापर्यंत जाणं जमत नाही त्यांना तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पुढच्या महिन्याच्या गोळ्या पोचवायच्या. रिकाम्या स्ट्रिपासुद्धा जपून ठेवायला सांगायच्या, म्हणजे मोजणीत फसगत होत नाही. स्ट्रिपच्या पाठीवर मी मार्करनं तारीख घालायचे.

आमचे मार्गदर्शक सर कन्नड बोलणारे. मी भालकीकडची, घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी, म्हणून त्यांनी मला माझ्याच मुलखात पाठवलं. जाण्याआधी महिनाभर त्यांनी आमची तालीम घेतली. ते रुग्ण होऊन बसायचे आणि आम्ही प्रश्न विचारायचे. मी एकदा सहज "बरं वाटतंय ना?" म्हणाले तर त्यांनी डस्टर टेबलावर आपटलं. हे कागदात आहे का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग कुठून आलं? प्रश्न जसा लिहिला आहे तसाच विचारायचा, पुढे एक शब्द नाही, मागे एक शब्द नाही. "अम्मा, तू मोजपट्टी आहेस," ते म्हणाले, "मोजपट्टी बोलत नसते." मला हे फार आवडलं होतं. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

गावातल्या पहिल्याच घरी मी बारा मुद्दे जसेच्या तसे वाचले. नववा ऐकून घरातला गडी उठला. केव्हाही जाता येतं म्हणता, तर मग आत्ताच जातो, म्हणाला आणि खांद्यावर टॉवेल टाकून रानात निघून गेला. मी फोनवर सरांना सांगितलं तेव्हा ते हसले. तीस पुरे झाले नाहीत तर समिती प्रबंध उघडणारसुद्धा नाही, आणि वाचण्याचीही एक रीत असते, एवढंच म्हणाले. काय कर ते त्यांनी सांगितलं नाही. ते माझं मीच ठरवलं. दुसऱ्या घरापासून माझं बोट आठव्या मुद्द्यावरून सरळ दहाव्यावर जायला लागलं. कागदात नववा होताच. मी खोटं बोलत नव्हते, फक्त वाचत नव्हते.

ते घर खटकचिंचोळीच्या अलीकडे, गावाबाहेर होतं. हुमनाबादला बस बदलायची, ढाब्यांची आणि लॉऱ्यांची गर्दी मागे पडली की पुढे तुरीची रानं लागायची, त्यात एका पांदीपाशी, रानातल्या गाडीवाटेपाशी, कंडक्टरला सांगून उतरायचं. पांदीनं दहा-पंधरा मिनिटं चाललं की रानाच्या मधोमध दगडी भिंतींचं, पत्र्याचं घर. पहिल्या खेपेला गावातल्या आरोग्यसेविका आशाताई सोबत होत्या. नंतर सरांनी त्यांना आणायला मनाई केली, कारण ओळखीच्या बाईसमोर लोक गोड गोड उत्तरं देतात. मी भादव्यात गेले तेव्हा तूर कंबरेएवढी होती.

त्या घरात दोनच बायका राहायच्या, दोघी जावा. नवरे कधीचेच गेलेले, लेकी लग्न होऊन बिदर-उदगीरकडे. घरात पूर्वी मेंढरं होती, आता फक्त त्यांची लोकर राहिली होती, एका काळ्या घोंगडीत. आतल्या खोलीत खिडकी नव्हती. भिंतीला टेकून, घोंगडीवर थोरली बसलेली, पदर नाकापर्यंत ओढलेला. धाकटी दाराआड उभी. तिचा नुसता श्वास ऐकू येत होता.

थोरलीचा वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढे होता. डाव्या कोपराच्या खोबणीत, बरोबर जिथं स्टेथोस्कोप टेकवायचा तिथं, विंचवाचं गोंदण होतं, जुनं, हिरवट, कडा विरघळलेलं. मी सातवा प्रश्न विचारला आणि तिनं मध्येच माझी चौकशी केली. घरी कोण कोण असतं, आई काय करते. मी सांगितलं, आईचा गुडघा दुखतो. मग राहिलेले तीन प्रश्न विचारले आणि संमतीपत्र वाचलं. खरं तर ते आधी वाचायचं असतं, तेही मी नंतर वाचलं. आठव्यावरून दहाव्यावर गेले. शाईचा डबा पुढे केला. तिनं अंगठा उचलला आणि हवेतच धरून ठेवला.

"अंगठा देणं म्हंजी सबूद देणं का, डाक्टरीनबाई?"

"व्हय, अक्का."

"सा महिनं?"

"सा महिनं. येकबी खाडा पडू देऊ नका, न्हाईतर समदं वाया जातंय."

"आन् मधीच मी गेले तर?"

मी हसले. या प्रश्नाचं उत्तर कागदात होतं, बोटानं ओलांडलेल्या त्या ओळीत होतं. तसं काही होत नसतं, रोज गोळी घ्या, असं म्हणाले. तिनं दाराकडे एकदा बघितलं आणि अंगठा टेकवला.

अश्विनात गेले तर तूर माझ्या खांद्याला लागत होती. एकटीच होते. भर दुपार, पण रानात पाखरू नाही, माणूस नाही. घराचं दार उघडं होतं. मी हाक मारली, उत्तर आलं नाही. आत गेले. घोंगडीवर ती बसलेली होती, पदर नाकापर्यंत, तशीच भिंतीला टेकून. डोळे सरावायला वेळ लागला. मी हात मागितला तर तिनं उजवा पुढे केला, डावा दुखतोय म्हणाली. मी उजव्यावर मोजलं. वरचा आकडा एकशे तीस.

मला आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. एका महिन्यात एवढा उतार. गोळी रोज घेताव का, मी विचारलं. "घेते की. सकाळी भाकर खाल्ल्यावर, येक. पाण्यासंगं." पहिल्या भेटीतलं वाक्य, शब्दही इकडचा तिकडे नाही. सातव्या प्रश्नानंतर तिनं विचारलं, "आईचा गुडगा कसा हाय?" मला भरून आलं. तिसांतल्या एकाही माणसानं माझ्या आईची आठवण ठेवली नव्हती. धाकटी कुठे दिसली नाही. रानात असेल, असं मी मनात म्हणाले. विचारलं नाही, कागदात नव्हतं.

बाहेर पडून गावात गेले. तिथल्या एका बाईच्या घरी गोळ्या मोजत होते तेव्हा तिनं विचारलं, कुठून आलाव. मी सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "अजून जायलाव व्हय तिकडं?" एवढंच म्हणाली आणि चहाला आत गेली. मला वाटलं, लांब पडतं म्हणून म्हणत असेल.

कार्तिकात तूर माझ्या डोक्यावर गेली होती. पिवळ्या फुलोऱ्यातून पांद जात होती आणि दोन्ही बाजूंना आत काही दिसत नव्हतं. मधे एका ठिकाणी आत काहीतरी लकाकल्यासारखं वाटलं. थांबून बघितलं तर नुसती पानं. मला उगाच भीती वाटली आणि स्वतःचाच राग आला. अशा रानात वाढलेली पोरगी मी, आणि दिवसाढवळ्या पाय उचलून चालत होते.

या वेळी मी ठरवून गेले होते. अभ्यासाच्या नियमात डावा दंड म्हटलं आहे, डावाच द्या, म्हणाले. तिनं सावकाश डावा हात पदराबाहेर काढला. विंचू होता. मी स्टेथोस्कोप टेकवला, हवा भरली, सोडली. वरचा आकडा एकशे दहा. पट्टा काढून स्टेथोस्कोप उचलला तर त्याच्या चकतीवर काळं उमटलं होतं आणि कोपराच्या खोबणीत विंचवाचं शेपूट पुसलं गेलं होतं.

काजळ होतं ते. चिमणीवर धरलेलं.

मी कापसाला स्पिरिट लावून चकती पुसली. कापूस काळा झाला, तो पिशवीत टाकला. एकशे दहा लिहिलं. पुढचा प्रश्न विचारला. सातव्यानंतर तिनं विचारलं, "आईचा गुडगा कसा हाय?" मी सांगितलं, मुंबईहून मलम आणलंय, आता पुष्कळ बरा आहे. लोक म्हणतील, तुला तेव्हा कळलं नाही का. कळलं. पण मला तीस माणसं हवी होती आणि दोघं आधीच सोडून गेली होती. फॉर्मात गोंदणाला रकाना नव्हता. जे रकान्यात बसत नाही ते दिसू द्यायचं नाही, हे मी एव्हाना इतकं चांगलं शिकले होते की मला शिकवावं लागत नव्हतं.

गुलबर्ग्याला परतले. आमच्या हॉस्टेलशेजारी डाळीची मिल होती, तिचा भुसा खिडकीच्या गजांवर बसायचा. त्या महिन्यात मी ताटातली डाळ ढकलायला लागले. बाकीच्या पोरी म्हणाल्या, नाटकं करतेस. सरांना मात्र मी आकडे दाखवले. ते खूश झाले. तीन महिने उत्तरं अक्षरशः एकसारखी, गोळी एकही शिल्लक नाही, आकडा उतरता. असा रुग्ण नशिबानं मिळतो, असं त्यांनी म्हटलं. हा रुग्ण प्रबंधात वेगळा मांड, असंही.

मार्गशीर्षात तुरीला शेंगा धरल्या होत्या. वारा नसतानाही आत खडखड ऐकू येत होती. ती घोंगडीवर होती. हात मागायच्या आधीच तिनं डावा पुढे केला. विंचू या वेळी पुसला जाणार नव्हता. कातडी सुजून वर आली होती, टोचण्यांच्या खुणा ताज्या होत्या, कडेला खपल्या धरलेल्या. कोणीतरी तो नव्यानं गोंदून घेतला होता, पहिल्या विंचवाच्या मापाचा, त्याच जागी. स्टेथोस्कोप टेकवताना तिनं ओठ आवळले असावेत, श्वास अडल्याचं ऐकू आलं. वरचा आकडा शंभराच्या खाली.

चक्कर येते का, हा प्रश्न फॉर्मात होता. "येतीया," ती म्हणाली. पाठ केलेल्यांपैकी नसलेलं हे पहिलंच उत्तर, आणि आवाजही जरा वेगळा होता, बारीक. उठून गोळ्या आणायला गेली तेव्हा भिंत धरून चालली. मी 'चक्कर: होय' वर खूण केली. 'इतर तक्रारी' या रकान्यात लिहिलं, डाव्या कोपराला सूज. सातव्यानंतर तिनं पुन्हा तेच विचारलं, त्याच शब्दांत, जणू मी मागच्या महिन्यात उत्तर दिलंच नव्हतं. "आईचा गुडगा कसा हाय?" मी पुढच्या महिन्याच्या तीस गोळ्या तिच्या हातात ठेवल्या. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना चक्करीचं सांगायचं, असं ठरवत बसपर्यंत आले. डॉक्टर त्या दिवशी शिबिराला गेले होते. मग राहून गेलं. राहून गेलं हे दोन शब्द मी आजही विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकून घेत नाही.

पौषात पांदीपाशी उतरले आणि जागा चुकले की काय असं वाटलं. तूर कापून नेली होती. पेंढ्या खळ्याकडे गेल्या होत्या, रानभर बोटभर उंचीचे खुंट राहिले होते, आणि ते घर रस्त्यावरून उघडं दिसत होतं. पाच महिने ज्या रानातून चालत होते ते इतकं लहान होतं. आणि घराच्या अलीकडे, पांदीपासून वीस पावलांवर, मातीचा एक उंचवटा होता, चुन्यानं सारवलेला, डोक्याकडे एक दगड उभा केलेला. त्या भागात पुष्कळ घरं आपलं माणूस आपल्याच रानात पुरतात, त्यात नवल नव्हतं. पण त्याच्यावर काहीतरी लकाकत होतं.

खुंट चुकवत जवळ गेले. दगडाखाली रिकाम्या स्ट्रिपा नीट एकावर एक दाबून ठेवल्या होत्या. वरची उचलली. पाठीवर तारीख होती. माझं अक्षर. खालची उचलली, माझं अक्षर. मागच्या तिन्ही महिन्यांच्या होत्या. मी गोळ्या मोजून झाल्या की रिकाम्या परत द्यायचे, आता फेकल्या तरी चालतील म्हणायचे, आणि त्या इथं येत होत्या. मी तिथंच खाली बसले.

घरात गेले तेव्हा ती घोंगडीवर बसलेली होती. मी फॉर्म काढला नाही.

"तुमी कोण?"

पदर हलला नाही. "तुमी इचारलंच न्हाई आजवर," ती म्हणाली. "मी धाकली. थोरली गेली की, तुमी पयल्यांदा येऊन गेल्यावर धाव्या दिशी."

मग तिनं सगळं सांगितलं, उतावीळ न होता, जसं मी कोणी वसुलीला आलेले आणि तिच्याकडे सगळं तयार होतं. छातीत कळ यायची, आपले दिवस भरलेत हे थोरलीला कळून चुकलं होतं. मी पहिल्यांदा येऊन गेले त्याच संध्याकाळपासून तिनं धाकटीला समोर बसवलं. माझ्यासारखी बसून ती एकेक प्रश्न विचारायची आणि उत्तर घोटून घ्यायची. हात कसा द्यायचा, पदर कुठवर, सातव्यानंतर डाक्टरीनबाईच्या आईचं विचारायचं. दहा दिवस हे चाललं. त्या घराची रीत अशी की माणूस शब्द अर्धा टाकून गेलं तर घरातल्या दुसऱ्यानं त्याच्या घोंगडीवर बसून तो पुरा करायचा. घोंगडीवर असेपर्यंत तो मेलेल्याचा असतो, त्याच्या नावानं जेवतो, त्याच्या नावानं बोलतो. अर्धा राहिला तर मेलेल्याचा पाय मातीत मोकळा होत नाही. यापूर्वी नवस असे पुरे केले होते, एकदा मेंढरांचा सौदा. आता अंगठा होता. येकबी खाडा नको, असं मीच म्हटलं होतं.

"तुमाला ती बिमारी न्हाई," मी म्हणाले. "त्या गोळ्यानं तुमी मेल्या असत्या, अक्का. सोडून द्यायचं की."

"सोडता येतंय?"

मी बॅगेतून संमतीपत्र काढलं. नववा मुद्दा मी पहिल्यांदा त्या घरात मोठ्यानं वाचला. पुस्तकी मराठीत वाचला आणि मग आमच्या बोलीत सांगितला. कवाबी उठून जाता येतंय. कामून म्हणून कुणी इचारत न्हाई. सबूद मोडत न्हाई.

बाहेर खळ्यावर कुठेतरी तूर बडवण्याचा आवाज येत होता, लांबून, एका लयीत.

"ह्ये कागदात पयल्यापासनं हाय?"

"हाय."

"मंग मला कामून सांगायलाव? अंगठा तिचा हाय," ती म्हणाली. "तिला सांगून या."

मी उठले. भर उन्हात, कापलेल्या रानात, मी त्या मातीच्या उंचवट्यापाशी उभी राहिले. मोजपट्टी बोलत नसते. मी आधी नुसती ओठातल्या ओठात वाचायला लागले, मग लक्षात आलं की पुन्हा तेच करते आहे. पहिल्यापासून सुरुवात केली. बाराही मुद्दे वाचले, मोठ्यानं. नवव्याला आवाज फाटला. 'तुम्ही केव्हाही, कारण न सांगता.' तिथं वारा नव्हता, तरी दगडाखालच्या स्ट्रिपा सळसळल्या, की मला तसं वाटलं, मी सांगू शकत नाही. मी रडत होते. कोणाची माफी मागावी ते कळत नव्हतं, म्हणून दोघींचीही मागितली. खळ्यावरचा आवाज थांबला होता. तिकडची माणसं उभी राहून माझ्याकडे बघत होती.

परत आले तेव्हा धाकटी घोंगडीवरच होती, मान दाराकडे केलेली.

"काय म्हणली?"

पाच वर्षं मला एकच गोष्ट शिकवली होती. जे उत्तर मिळालं नाही ते लिहायचं नाही. न मिळालेल्या उत्तराला कोरा रकाना ठेवायचा, तो कितीही वाईट दिसो. आजही मी हेच शिकवते, आणि एखाद्यानं घरी बसून फॉर्म भरला तर त्याला वर्गाबाहेर काढते.

"ऊठ म्हणल्या," मी सांगितलं. "झालं म्हणल्या. आता ऊठ."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग पदर डोक्यावरून मागे घेतला. पाच महिन्यांत मी तो चेहरा पहिल्यांदा पाहिला, मी धरून चालले होते त्याहून खूप तरुण होता, कपाळावर पडल्याची एक जुनी होत आलेली जखम होती. तिनं भिंतीला हात लावला, घोंगडीवरून उठली, आणि दोन पावलं टाकून उघड्या जमिनीवर बसली. उरलेल्या गोळ्या मला परत दिल्या. मी रक्तदाब मोजला, पाणी पाजलं, मीठ घातलेलं, आणि चार दिवस एकटी विहिरीवर जाऊ नका म्हणाले. ती मान डोलवत होती. पण लक्ष माझ्याकडे नव्हतं. डावा हात तिनं मांडीवर उलटा ठेवला होता आणि कोपरातल्या विंचवावरून अंगठा फिरवत होती. सूज उतरली होती, रंग चांगला धरला होता.

"ह्याचं काय करायचं," ती म्हणाली, "ते इचारलं का तिला?"

ते मी विचारलं नव्हतं.